आधी दिवस मोजा, नफा नंतर : समुद्रावरच्या तेलसेवा कंपनीचा तिमाही निकाल कसा वाचावा

२०२३ची दिवाळी संपत आली होती. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या माझ्या ऑफिसात तासगावकडचे एक बागायतदार आले. वयानं मोठे, म्हणून आम्ही सगळे त्यांना नानाच म्हणतो. चिवड्याचा डबा टेबलावर ठेवला, खुर्ची ओढली आणि मोबाइल माझ्यापुढं सरकवला. बेदाण्याचे पैसे आले तेव्हा त्यांनी एका कंपनीचे शेअर घेतले होते आणि तिचा सप्टेंबर तिमाहीचा निकाल नुकताच लागला होता.

"सायेब, जूनअखेर तेल पंच्याहत्तर डॉलर हुतं. सप्टेंबरअखेर पंच्याण्णवला गेलं. खरं का न्हाई? मग आमची तेलाची कंपनी. तिचा नफा निम्म्यावर कसा आला?"

तेलाचा आकडा त्यांचा बरोबर होता. गडबड कंपनी ओळखण्यात होती. ती तेल विकत नव्हती. तेल काढणाऱ्यांना समुद्रात विहिरी खोदायची यंत्रं भाड्यानं देत होती.

"नाना, जतला तुमच्या मेहुण्यांची बोअरची गाडी आहे ना? पाणी लागलं नाही तर पैसे बुडतात का त्यांचे?"

"छ्या! फुटावर पैसे. पाणी लागो न्हाईतर फुपाटा उडो."

"आणि पावसाळ्यात?"

"गाडी उभी. डायवर, पोरं आणि बँकेचा हप्ता चालू."

"मग तुमची कंपनी म्हणजे तीच गाडी. फक्त फुटाऐवजी दिवसावर भाडं, आणि गाडी शेकडो कोटींची."

त्या दिवशी आम्ही त्या निकालाच्या पानांची प्रिंट काढली आणि दोन तास पेन्सिल घेऊन बसलो. तेव्हा जे केलं तेच इथं क्रमानं लिहितोय. मी कर सल्लागार आहे, सेबीकडं नोंदलेला गुंतवणूक सल्लागार नाही. शेअर घ्या की विका हे मी सांगणार नाही. निकालाचा कागद कसा फोडायचा एवढंच सांगतो.

पहिली पायरी : कंपनी कुठल्या कामातली?

'ऑफशोअर सर्व्हिसेस' या एका पाटीखाली चार-पाच वेगळे धंदे चालतात. प्रत्येकाचा निकाल वेगळा वाचावा लागतो.

रिगवाले विहीर खोदतात. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर बहुतेक जॅक-अप रिग असतात. ही तरंगत येते, लोखंडी पाय समुद्राच्या तळावर टेकवते आणि स्वतःला पाण्याच्या वर उचलून घेते. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवरच्या मुंबई हाय क्षेत्रात समुद्र तसा उथळ, साधारण ७५ मीटरचा, म्हणून हे जमतं. १९७४ साली 'सागर सम्राट' या जॅक-अपनंच तिथं तेल शोधलं आणि १९७६ साली उत्पादन सुरू झालं. पूर्व किनाऱ्यावर कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या खोल पाण्यात पाय पोचत नाहीत, तिथं ड्रिलशिप, म्हणजे खोदकामाचं जहाज, लागते. सांगलीच्या घाटावरून वाहणारी कृष्णा ज्या समुद्राला मिळते, तिथलं हे खोरं. नाव घरचं वाटतं एवढंच, बाकी आपला त्याच्याशी संबंध नाही.

दुसरे बोटवाले. रिगवर माणसं, डिझेल, सिमेंट, पाणी पोचवणाऱ्या बोटी, नांगर ओढणाऱ्या टगबोटी, पाणबुड्यांना घेऊन जाणाऱ्या बोटी. तिसरे बांधकामवाले : प्लॅटफॉर्म उभारणारे, तळावर पाइपलाइन टाकणारे. लार्सन अँड टुब्रोचा हायड्रोकार्बन विभाग या प्रकारातला. याशिवाय भूकंपलहरींनी तळाचा सर्व्हे करणारे, हेलिकॉप्टरवाले असे आणखी आहेत.

रिग आणि बोट यांना दिवसाचं भाडं मिळतं. बांधकामवाल्यांना कामाच्या टक्केवारीवर उत्पन्न दाखवता येतं. तीस टक्के काम झालं तर कंत्राटाच्या तीस टक्के रक्कम वहीत, मग पैसे आलेले असोत वा नसोत. बांधकामवाल्याचा एखाद्या तिमाहीचा फुगलेला महसूल बघून हुरळायचं नाही ते यासाठी. मी पुढं प्रामुख्यानं रिग आणि बोटींबद्दल लिहितो.

कागद कधी आणि कुठून?

बीएसई किंवा एनएसईच्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव टाकलं की 'अनाउन्समेंट्स'मध्ये पीडीएफ फुकट मिळते. तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत निकाल जाहीर करावा लागतो. म्हणजे जून तिमाहीचा १४ ऑगस्टपर्यंत, सप्टेंबरचा १४ नोव्हेंबरपर्यंत, डिसेंबरचा १४ फेब्रुवारीपर्यंत. मार्चच्या वार्षिक निकालाला ६० दिवस, म्हणजे ३० मेपर्यंत. शेवटच्या दिवशी रात्री दहाला निकाल टाकणाऱ्या कंपन्यांबद्दल माझं मत फार बरं नाही, पण तो नियमभंग नव्हे.

तीन कागद काढा : निकालाचं पत्रक, गुंतवणूकदारांसाठीचं सादरीकरण आणि विश्लेषकांबरोबरच्या फोन-बैठकीचा उतारा. पहिल्यात आकडे असतात, दुसऱ्यात कंपनी स्वतःचं कौतुक करते. तिसऱ्यात कुणीतरी चतुर माणूस 'अमुक रिग गोदीत किती दिवस होती' असं विचारतो आणि मालकाला उत्तर द्यावंच लागतं. वेळ कमी असेल तर तिसरा आधी वाचा.

पत्रकात दोन तक्ते असतात, स्टँडअलोन म्हणजे एकट्या कंपनीचा आणि कन्सॉलिडेटेड म्हणजे उपकंपन्या धरून. या धंद्यात बऱ्याचदा रिगची मालकी सिंगापूरसारख्या ठिकाणच्या उपकंपनीकडं असते आणि भारतातली कंपनी ती भाड्यानं घेऊन चालवते. अशा वेळी स्टँडअलोन तक्त्यात अर्धंच घर दिसतं. कन्सॉलिडेटेडच बघा. त्यातही भागीदारीतल्या कंपनीचा नफा 'संयुक्त उपक्रमातील नफ्याचा हिस्सा' अशा एकाच ओळीत येतो. त्या ओळीमागं आख्खी रिग उभी असू शकते.

दुसरी पायरी : दिवस

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. माझ्या मते निम्मा निकाल इथंच कळतो.

जुलै ते सप्टेंबर म्हणजे ९२ दिवस. कंपनीकडं चार रिग असतील तर त्या तिमाहीत तिच्याकडं विकायला ३६८ रिग-दिवस आहेत. यापेक्षा एक दिवसही जास्त नाही. आज न विकलेला दिवस उद्या गोदामातून काढून विकता येत नाही. हळदीचा भाव पडला तर आमच्या यार्डातला व्यापारी पूर्वी हळद पेवात, म्हणजे जमिनीतल्या खड्ड्यात, ठेवून वाट बघायचा. इथं पेव नाही.

आता या ३६८ पैकी किती दिवस पूर्ण भाडं मिळालं ते शोधा. कंत्राटात दर एकच नसतो. खोदकाम चालू असताना पूर्ण दर. तेल कंपनीच्या कारणानं थांबलं तर स्टँडबाय दर, जो कमी असतो. एका जागेवरून दुसरीकडं हलवताना वेगळा दर. यंत्र बिघडलं तर महिन्याला ठरावीक तास माफ असतात आणि त्यापुढं शून्य. म्हणून 'आमच्या चारही रिग कंत्राटावर आहेत' या वाक्यावर समाधान मानायचं नाही. कंत्राटावर असणं वेगळं आणि कमावणं वेगळं.

मोठा खड्डा पडतो तो दुरुस्तीनं. बोटींना वर्गीकरण संस्थेच्या, म्हणजे जहाजं तपासून दाखला देणाऱ्या संस्थेच्या, नियमाप्रमाणं साधारणपणे पाच वर्षांत दोनदा कोरड्या गोदीत जावं लागतं. रिगला जुनं कंत्राट संपून नवं सुरू होण्याच्या मधे तपासणी, रंग, नवी यंत्रं बसवणं असं काम निघतं. त्या काळात कमाई शून्य आणि खर्च नेहमीपेक्षा जास्त. हे आधीपासून ठरलेलं असतं, त्यामुळं मागच्या दोन बैठकांच्या उताऱ्यांत त्याचा उल्लेख सापडतोच. नानांच्या कंपनीचं उत्तर असंच सापडलं. मे महिन्यातल्या उताऱ्यात मालक सांगून गेले होते की एक रिग पावसाळ्यात गोदीत जाईल. पण मे महिन्यात नाना द्राक्षाच्या खरड छाटणीनंतरच्या कामात होते, त्यांनी तो उतारा कशाला वाचावा!

माझी पद्धत साधी आहे. वहीत प्रत्येक रिगला एक ओळ. पुढं रकाने : कुणाकडं कामाला, कंत्राट कधी संपतं, या तिमाहीत किती दिवस कमाई, पुढच्या तिमाहीत किती अपेक्षित. चार रिगसाठी चार ओळी. एवढं भरल्याशिवाय नफ्याच्या आकड्याकडं बघायचंच नाही.

पावसाळ्याचा हिशोब

ऊसपट्ट्यातल्या माणसाला हंगाम समजावून सांगायची गरज नाही. ऑगस्टमध्ये कारखान्याचं धुराडं बंद दिसलं म्हणून कुणी 'कारखाना बुडाला' म्हणत नाही. अरबी समुद्रात नैऋत्य मोसमी वाऱ्यात, जून ते सप्टेंबर, पाइपलाइन टाकणं आणि प्लॅटफॉर्म उभारणं जवळजवळ थांबतं. जागेवर पाय रोवून बसलेली जॅक-अप खोदत राहते, पण तिला एका जागेवरून दुसरीकडं ओढत नेणं शक्यतो टाळतात. म्हणून सप्टेंबर तिमाहीची तुलना जून तिमाहीशी करू नका. मागच्या वर्षीच्या सप्टेंबर तिमाहीशी करा. पत्रकात दोन्ही रकाने शेजारीशेजारी असतात आणि वर्तमानपत्रवाले जो रकाना जास्त थरारक दिसेल तो उचलतात.

समुद्राचं भय नुसतं कागदावरचं नाही. २००५चा महापूर सांगलीकर विसरणार नाहीत. त्याच सुमारास, २७ जुलै २००५ला, मुंबई हायच्या उत्तर प्लॅटफॉर्मवर एक मदत-जहाज आदळलं, आग लागली आणि २२ जण गेले. मे २०२१च्या तौक्ते चक्रीवादळात पी-३०५ हा बार्ज बुडाला, तेव्हा पावसाळा अजून लागायचाच होता. निकालात 'हवामानामुळे काम लवकर थांबवले' असं आलं की ती सबब समजून उडवून लावू नका. पण दरवर्षी, प्रत्येक तिमाहीत तेच वाक्य येत असेल तर मात्र तपासा.

तिसरी पायरी : दर जुना की नवा

तेल वाढलं की रिगचं भाडं वाढतं, हे खरं. पण लगेच नाही. आधी तेल कंपन्यांचा पैसा वाढतो, मग त्या पुढच्या वर्षाचा खर्च ठरवतात, मग टेंडर निघतं, मग दर ठरतो, मग रिग हलते. तोवर दोन उन्हाळे जातात. शिवाय ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीची जॅक-अप कंत्राटं बहुधा तीन वर्षांची असतात. तीन वर्षांपूर्वी मंदीत सही केलेल्या कंपनीला आज बाजारात दुप्पट भाडं असलं तरी जुनंच मिळतं. उलटही होतं : तेल आपटल्यावरही जुन्या चढ्या दराचं कंत्राट दोन वर्षं नफा दाखवत राहतं आणि लोकांना वाटतं कंपनीला काही झळ बसलीच नाही.

२०१४च्या जूनमध्ये ब्रेंट, म्हणजे ज्याच्या भावावरून जगभर तेलाचा भाव मोजतात ते तेल, ११५ डॉलरपर्यंत गेलं होतं आणि जानेवारी २०१६मध्ये तीसच्या खाली आलं. रिग कंपन्यांचे बरेचसे दिवाळे निघाले ते मात्र पुढं. २०१७ साली सीड्रिल, मग २०२० साली डायमंड ऑफशोअर, नोबल आणि व्हॅलारिस एकामागून एक अमेरिकेच्या दिवाळखोरी न्यायालयात गेल्या. २०२०चा धक्का, जेव्हा २० एप्रिलला अमेरिकेतलं तेल उणे ३७ डॉलरवर गेलं, तो शेवटचा घाव होता. आधीची झाडं २०१४च्याच वाळवीनं पोखरलेली होती.

दर आपल्याकडं ठरतो पण त्याला वारं दूरचं लागतं. २०२४च्या जानेवारीत सौदी अरामको या सौदी अरेबियाच्या सरकारी तेल कंपनीला उत्पादनक्षमता दिवसाला एक कोटी तीस लाख बॅरलपर्यंत न वाढवता एक कोटी वीस लाखांवरच ठेवायचा आदेश आला. मग त्यांनी वीसच्या वर जॅक-अप रिगची कंत्राटं थांबवली. त्या रिग कुठंतरी काम शोधणारच. ज्यांची कंत्राटं त्या काळात नव्यानं ठरायची होती त्यांच्यापुढं जास्त भिडू उभे राहिले. तासगावच्या बेदाण्याला परदेशातून आलेल्या मालाची झळ कशी बसते ते नानांना ठाऊक आहे, त्यामुळं हे त्यांना मी नंतर अर्ध्या वाक्यात सांगितलं.

म्हणून वहीतल्या 'कंत्राट कधी संपतं' या रकान्याशेजारी जुना दर लिहा. कुठली रिग कधी मोकळी होते आणि तेव्हा बाजार कसा असेल, पुढच्या दोन वर्षांचा निकाल यावर ठरतो.

चौथी पायरी : एक तिमाही उघडून बघू

आकडे मी सोयीसाठी बनवलेत, कुठल्याही कंपनीचे नाहीत. चार रिग, दर दिवसाला ४०,००० डॉलर, डॉलर ८५ रुपये. म्हणजे एका रिगचं एका दिवसाचं भाडं ३४ लाख रुपये.

चारही रिग ९२ दिवस चालल्या तर ३६८ गुणिले ३४ लाख, म्हणजे १२५ कोटी १२ लाख महसूल. आता एक रिग ६० दिवस गोदीत आहे असं धरा. उरले ३०८ दिवस, महसूल १०४ कोटी ७२ लाख. घट साधारण १६ टक्के.

खर्च बघा. खलाशी, जेवण, विमा, सुटे भाग मिळून रिगमागं दिवसाला १७ लाख धरू. गोदीत गेली म्हणून माणसं घरी पाठवता येत नाहीत, विमा थांबत नाही. तेव्हा खर्च जवळपास सगळ्या ३६८ दिवसांचा, ६२ कोटी ५६ लाख. पहिल्या स्थितीत हाती उरले ६२ कोटी ५६ लाख, दुसऱ्या स्थितीत ४२ कोटी १६ लाख. घट झाली ३३ टक्क्यांच्या आसपास.

यातून घसारा, म्हणजे यंत्राच्या झिजेपोटी वहीत धरलेला खर्च, १८ कोटी आणि व्याज ९ कोटी वजा करा. रिग चालो न चालो, हे दोन्ही खर्च तेवढेच. पहिल्या स्थितीत करपूर्व नफा ३५ कोटी ५६ लाख, दुसऱ्यात १५ कोटी १६ लाख. घट ५७ टक्के.

म्हणजे भाडं १६ टक्क्यांनी कमी झालं आणि नफा निम्म्याहून जास्त गेला. यात कुणी चोरी केलेली नाही, कंपनी बिघडलेली नाही. नानांनी कॅल्क्युलेटरवर हे दोनदा करून बघितलं आणि म्हणाले, "म्हंजे रिग गोदीतनं भाईर आली की नफा हाय तसा?" हो, दर तोच राहिला आणि काम तयार असलं तर. आणि हेच गणित उलटंही चालतं. एक रिकामी रिग कामाला लागली की नफा दुप्पट दिसतो आणि तेव्हा टीव्हीवरची मंडळी ओरडायला लागतात. दोन्ही वेळी शांत राहण्यासाठी दिवसांचा रकाना हवा.

पाचवी पायरी : नफ्यात काय काय मिसळलंय

इथं मी स्वतः एकदा आपटलोय. नाव सांगत नाही. एका कंपनीचा नफा वर्षात अडीचपट झालेला बघून मी शेअर घेतले. पुढच्या तिमाहीत नफा होता तिथं परत आला. मग मागचं पत्रक नीट वाचलं तर चौथ्या तळटीपेत लिहिलं होतं की लवादात जिंकलेली जुनी रक्कम 'इतर उत्पन्ना'त धरली आहे. टीप बारीक अक्षरात होती, पण होती. ती न वाचता फक्त ठळक आकडा वाचला, दोष माझाच.

वरच्याच उदाहरणात पुढं जाऊ. करपूर्व नफा १५ कोटी १६ लाख. कंपनीवर ३ कोटी डॉलरचं कर्ज आहे आणि तिमाहीत डॉलर ८५वरून साडेशहाऐंशीला गेला. प्रत्येक डॉलरमागं दीड रुपया, म्हणजे साडेचार कोटींचा तोटा वहीत. नफा उरला १० कोटी ६६ लाख. आता लवादाचे १२ कोटी आले असं धरा. नफा २२ कोटी ६६ लाख! रिग साठ दिवस बंद असून निकाल बरा दिसायला लागला.

म्हणून पेन्सिलनं तीन ओळींभोवती गोल काढा : इतर उत्पन्न, विनिमय दरातला नफा-तोटा, अपवादात्मक बाबी. तिन्ही बाजूला काढून उरतं ते यंत्रांनी कमावलेलं. विनिमयाची ओळ बऱ्याचदा 'इतर खर्च' किंवा 'इतर उत्पन्न' यांच्या पोटात लपलेली असते, टिपांमध्ये शोधावी लागते. भाड्यानं घेतलेल्या रिगचं पुढच्या वर्षांचं भाडंसुद्धा आता लेखा नियमांनुसार बहुधा कर्जासारखं ताळेबंदात बसतं. ते डॉलरमध्ये असेल तर रुपया हलला की नफा हलतो. मात्र भाडंही डॉलरमध्येच येत असेल तर रुपया पडल्यावर पुढच्या तिमाहीपासून महसूल वाढतो. आज तोटा दिसतो, उद्या भरपाई होते. निव्वळ विनिमय तोटा बघून घाबरू नका.

रिगची किंमत घटवली, म्हणजे 'इम्पेअरमेंट' केली, तर त्या तिमाहीत मोठा तोटा दिसतो. पैसा जात नाही, पण कंपनीनं कबूल केलेलं असतं की हे यंत्र पूर्वी वाटलं तेवढं कमावणार नाही. पुढच्या तिमाहीपासून घसारा कमी लागतो आणि नफा आपोआप गोजिरा दिसतो. ही खेळी लक्षात ठेवा.

मोबिलायझेशन फी म्हणजे रिग कामाच्या जागी आणण्याचे आगाऊ पैसे. ऊसतोडीच्या मुकादमाला देतो त्या उचलीची आठवण होईल, पण ही परत करायची नसते. कंपनीला ती एकदम मिळते आणि वहीत मात्र बहुधा कंत्राटाच्या मुदतीवर वाटून येते. त्यामुळं रोख आली तरी नफा दिसत नाही, आणि नंतर नफा दिसतो तेव्हा रोख येत नाही.

बोटवाल्यांच्या बाबतीत कर कमी दिसला तर चकित होऊ नका. जहाज कंपन्यांना टनेज टॅक्स निवडता येतो. तो नफ्यावर न लागता जहाजाच्या टनेजवर, म्हणजे आकारमानावर, लागतो.

सहावी पायरी : पैसे खिशात आले का?

कारखान्याला ऊस गेला, पावती मिळाली, बिल कुठाय? कायद्यानं १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाचा ठरलेला किमान दर, द्यायची असूनही कधीकधी काय होतं ते इथं सांगायला नको. सेवा कंपनीचंही तेच.

अडचण अशी की जून आणि डिसेंबर तिमाहीच्या पत्रकात ताळेबंद आणि रोख प्रवाहाचं विवरण असायची सक्ती नाही. ते सहामाहीला, म्हणजे सप्टेंबर आणि मार्चच्या निकालासोबत येतं. म्हणून हे दोन निकाल मी जास्त मनापासून वाचतो.

ग्राहकाकडून यायचे राहिलेले पैसे म्हणजे येणी. ती किती दिवसांच्या महसुलाएवढी आहेत ते असं काढा : येणी भागिले वर्षाचा महसूल गुणिले ३६५. समजा महसूल ४५० कोटी आणि येणी १५० कोटी. उत्तर सुमारे १२२ दिवस. एकट्या आकड्याला अर्थ नाही. मागच्या वर्षी ८० दिवस होते आणि आता १२२ झाले तर का, ते विचारा. काही कंपन्या 'बिल न झालेला महसूल' वेगळ्या ओळीत ठेवतात, तोही येण्यांत मिळवा. काम केलंय, पण समोरच्यानं सही केलेली नाही. उशिरा रिग पोचवल्याबद्दल कापलेला दंड आणि लवादात अडकलेले दावे यांतच लपतात.

मग रोख प्रवाहाच्या विवरणातली पहिली बेरीज, कामकाजातून आलेली रोख, नफा आणि घसारा यांच्या बेरजेशेजारी लिहा. दोन-तीन वर्षं ती सतत खूप कमी पडत असेल तर मी पुढं वाचत नाही.

सातवी पायरी : कर्ज

रिग कर्जावरच येते, त्यात गैर काही नाही. प्रश्न हप्ता आणि कंत्राट यांची जोडी जमते का हा असतो. तीन वर्षांचं कंत्राट आणि आठ वर्षांचं कर्ज, तर उरलेल्या पाच वर्षांची खात्री कुणाची? चेन्नईच्या अबान ऑफशोअरनं २००६ साली नॉर्वेची सिनव्हेस्ट ही रिग कंपनी मोठं कर्ज काढून घेतली. तेजीत ते धाडस वाटलं, भाडी पडल्यावर तेच कर्ज गळ्याशी आलं. व्याजाच्या ओळीला व्याज-कर-घसारापूर्व नफ्यानं, म्हणजे एबिट्डानं, किती वेळा झाकता येतं ते बघा. वरच्या उदाहरणात ४२ कोटी १६ लाख भागिले ९, साधारण पावणेपाच पट. ठीक आहे. पण मुद्दलाचा हप्ता व्याजाच्या ओळीत नसतो, तो रोख प्रवाहात शोधा.

ऑर्डर बुक, म्हणजे हातात असलेल्या कंत्राटांबद्दल थोडक्यात. पक्की मुदत आणि पर्यायी मुदत वेगळी करा. 'तीन वर्षे अधिक एक' यातलं एक वर्ष ग्राहकाच्या मर्जीवर असतं. नुसतं कंत्राट मिळाल्याचं पत्र आलं, पण रिग अजून गोदीत आहे, तर ते दिवस वहीत पुढच्या रकान्यात टाका.

ऑडिटरची टीप आणि मार्चची गंमत

तिमाही निकालाचं सहसा ऑडिट होत नाही, मर्यादित पुनरावलोकन होतं. तरी ऑडिटरचं पत्र वाचा. त्यात काही मुद्द्याकडं मुद्दाम लक्ष वेधलेलं असेल, किंवा कंपनी पुढं चालू राहील याबद्दल शंका असेल तर ते पहिल्याच पानावर सापडतं. आणि मार्च तिमाहीचा आकडा स्वतंत्र मोजलेला नसतो. वर्षाच्या ऑडिट झालेल्या आकड्यातून आधीच्या नऊ महिन्यांचे आकडे वजा करून तो काढतात, तसं टिपेत लिहिलेलंही असतं. त्यामुळं वर्षभरात राहून गेलेली सगळी दुरुस्ती मार्चवर येऊन पडते. मार्चमध्ये अचानक चांगलं किंवा अचानक वाईट दिसलं की मी आधी हीच शंका घेतो.

नानांनी शेअर विकले नाहीत, घेतलेही नाहीत. जाताना टेबलावरची एक जुनी डायरी मागून घेतली आणि बाहेर बाकावर बसून पट्टीनं रकाने आखले. फेब्रुवारीत डिसेंबर तिमाहीचा निकाल आला तेव्हा त्यांचा फोन आला. द्राक्षाची काढणी चालू होती, मागं ट्रॅक्टरचा आवाज.

"सायेब, गोदीतली रिग एकवीस डिसेंबरला कामाला लागली म्हंत्यात. म्हंजे ह्या तिमाहीत तिचं अकराच दिवस धरायचं का?"

"एकवीस धरून एकतीसपर्यंत. हो, अकराच."

"मग नफा कमीच येणार हुता की ओ," ते म्हणाले आणि फोन ठेवला.